शेलमधील अवतरणचिन्हे

युनिक्सच्या शेलमध्ये कमांड देताना विशेष चिन्हांचा खास अर्थ तेवढ्यापुरता काढून घेण्याची सोय. बोलण्यात हिला ‘कोट करणे’ किंवा ‘एस्केप करणे’ म्हणतात. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत अवतरणचिन्हांमुळे मजकूर कोठे सुरू होतो व कोठे संपतो ते कळते. शेलला मुळात सगळाच मजकूर. तेथे या चिन्हांचा अर्थ ‘याला हात लावू नकोस’ एवढाच.

असे बजावावे लागते, कारण टंकलेली ओळ आधी शेल वाचतो आणि तो देईल तेच प्रोग्रॅमला मिळते. मोकळ्या जागेवर तो ओळीचे तुकडे पाडतो, $ दिसला की व्हेरिएबलमधील मजकूर भरतो, * च्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावे मांडतो. शेवटी अवतरणचिन्हेही काढून टाकतो. प्रोग्रॅमला ती दिसतच नाहीत. ‘मे अहवाल’ ही फाइल पुसताना चिन्हे विसरली, तर ‘मे’ आणि ‘अहवाल’ अशा दोन फाइली पुसण्याचा हुकूम जातो. ‘अहवाल’ नावाची वेगळी फाइल तेथे असलीच तर ती गेली. फाइल पुसणाऱ्या आरएम कमांडला कचरापेटी ठाऊक नाही.

एकेरी चिन्हे (' ') सर्वांत कडक. त्यांच्या आत काहीच बदलत नाही, बॅकस्लॅशसुद्धा निर्जीव होतो. म्हणूनच एकेरी चिन्हांत एकेरी चिन्ह लिहिता येत नाही. गोव्याकडील डि'सोझा हे आडनाव द्यायचे तर 'डि'\''सोझा' अशी कसरत करावी लागते: चिन्ह बंद, बॅकस्लॅशसह एक सुटे चिन्ह, पुन्हा सुरू. दुहेरी चिन्हांत (" ") मोकळी जागा आणि * शांत होतात, पण $, बॅकटिक आणि बॅकस्लॅश जागे राहतात. बॅश या शेलमध्ये थेट टंकताना उद्गारचिन्हही. एको "किंमत $50" असे लिहिले की बॅश ‘किंमत 0’ छापतो, कारण $5 हे त्याला पाचव्या, बहुधा रिकाम्या, अर्ग्युमेंटचे नाव वाटते. सुटा बॅकस्लॅश फक्त पुढच्या एका अक्षराला वाचवतो.

स्क्रिप्टमधील बहुसंख्य घोटाळे मात्र उघड्या, म्हणजे कोट न केलेल्या, व्हेरिएबलचे असतात: त्यात भरलेल्या मजकुराचेही मोकळ्या जागेवर तुकडे पडतात. $1 ऐवजी "$1" आणि सर्व अर्ग्युमेंट पुढे धाडताना "$@" लिहिणे, ही एकच सवय निम्मे शास्त्र आहे. झेडशेल उघड्या व्हेरिएबलचे असे तुकडे पाडत नाही. त्याची सवय लागलेला माणूस बॅशमध्ये हमखास फसतो.

केन थॉम्प्सन यांच्या 1971 च्या शेलमध्ये * चा विस्तार करण्याचे काम ग्लॉब हा स्वतंत्र प्रोग्रॅम करीत असे. आजचे नियम मुख्यतः स्टीफन बोर्न यांच्या 1979 च्या शेलमधून आले. 1989 चा बॅशही त्याच वळणाचा.

वर्ड प्रोसेसरमधील वाकडी चिन्हे (“ ”) शेलच्या लेखी साधी अक्षरे आहेत. तेथून चिकटवलेली कमांड म्हणून बिघडते. देवनागरी अक्षरांना मात्र कोट करण्याची गरज नसते. फाइलचे नाव ‘-’ ने सुरू होत असेल तर अवतरणचिन्हे निरुपयोगी ठरतात, कारण त्या रेघेचा अर्थ शेल नव्हे, प्रोग्रॅम लावतो. अशा वेळी नावाआधी ./ जोडावे.