कॉम्प्युटर दुरुस्तीत करिअर करायचंय? दहावीनंतर काय शिकाल, काम कुठे मिळेल?

ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था, दूध संकलन केंद्र, कृषी सेवा केंद्र, सगळीकडे आता कॉम्प्युटर आहे. तो बंद पडला की दाखला अडतो, दुधाची बिलं थांबतात. अशा वेळी फोन जातो तो हार्डवेअरवाल्याला. गावाजवळ राहून करता येण्यासारखं हे काम आहे, पण कोर्स निवडतानाच अनेक मुलं चुकतात.

कोर्स कोणता?

एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटर वापरायला शिकवणारा कोर्स आहे, दुरुस्तीचा नाही. आयटीआयमधील 'कोपा' ट्रेडही मुख्यतः ऑपरेटर आणि प्रोग्रॅमिंगच्या कामासाठी आहे. दुरुस्ती शिकायची असेल तर 'कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स' हा एक वर्षाचा ट्रेड पाहावा. त्याला दहावी पास लागते. हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी चौकशी करावी. आयटीआय प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास ऑनलाइन भरले जातात.

खासगी क्लासमध्ये 'शंभर टक्के नोकरी' असं सांगून मोठी फी घेतली जाते. पैसे भरण्याआधी तिथं जाऊन बघावं. मुलांच्या हातात खोललेली मशीन दिसतात की फक्त फळ्यावर शिकवतात? सर्टिफिकेट कोणत्या संस्थेचं मिळणार? जुन्या दोन-तीन विद्यार्थ्यांना भेटावं. मगच निर्णय घ्यावा.

रोजचं काम काय असतं?

खेड्यात बिघाडाची मोठी कारणं दोन: धूळ आणि कमी-जास्त होणारी वीज. पंख्यात धूळ अडकली की मशीन तापून आपोआप बंद होतं. पॉवर सप्लाय घरातल्या 230 व्होल्ट विजेचं 12, 5 आणि 3.3 व्होल्टमध्ये रूपांतर करतो. दाब वाढला की तोच आधी जळतो. म्हणून आधी अर्थिंग तपासायचं, मगच नवा पार्ट बसवायचा. नाहीतर नवाही जातो.

काही दोष दिसतात मोठे, खर्च असतो थोडा. तारीख सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा 3 व्होल्टचा छोटा सेल संपलेला असतो. तारीख चुकली की अनेक वेबसाइट उघडत नाहीत, आणि लोकांना वाटतं नेट बंद आहे.

विंडोज 10 ची नियमित मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 पासून थांबली. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, चालणारा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 लागतं. कोणतं मशीन चालेल, कोणतं बदलावं लागेल, हे सांगणाऱ्याची गरज वाढली आहे. जुन्या मशीनमध्ये हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली तर वेगात मोठा फरक पडतो.

जिवाची आणि विश्वासाची काळजी

पॉवर सप्लायमधील कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेला राहतो. शिकल्याशिवाय तो डबा उघडू नये.

फॉरमॅट मारण्याआधी डेटाची कॉपी घेतलीच पाहिजे. पतसंस्थेच्या वर्षभराच्या नोंदी एका चुकीनं जाऊ शकतात. ग्राहकाचे पासवर्ड, डिजिटल सहीचा पिन, घरातले फोटो यांना हात लावायचा नाही. गावात एकदा नाव खराब झालं की पुन्हा कोणी मशीन देत नाही.

सुरुवात कशी करावी?

दुकान टाकायची घाई नको. आधी वर्ष-दोन वर्षं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दुकानात हाताखाली काम करावं. आयटीआय झालेल्यांना अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी करता येते, त्यात शिकताना विद्यावेतन मिळतं. स्क्रू ड्रायव्हर सेट, मल्टिमीटर, ब्लोअर, नेटवर्क केबलचं क्रिम्पिंग टूल आणि विंडोजचा पेनड्राइव्ह एवढ्यावर सुरुवात होते.

फक्त तुटक दुरुस्तीवर महिना निघेलच असं नाही. त्यामुळे शाळा, पतसंस्थांशी वार्षिक देखभालीचा लेखी करार करावा. किती भेटी, कोणते पार्ट वेगळे, पैसे कधी, हे त्यात स्पष्ट असावं. प्रिंटर, सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगही शिकून घेतलं तर हंगाम नसतानाही काम हाताशी राहतं. पुढं शहरात कंपनीत जायचं असेल तर नेटवर्किंगसाठी सीसीएनए परीक्षेची तयारी करता येते, पण ती इंग्रजीत असते. त्यामुळे यंत्रांबरोबर थोडं इंग्रजी वाचायची सवय आजपासूनच लावलेली बरी.