कमी मार्क मिळालेला प्रबंध आणि आईचे कोरडे डोळे

इअरफोन लावलेत? मग सांगा, आज डोळे किती वेळा चोळलेत?

मी दिवसभर कोड लिहितो. त्यामुळे माझे डोळे कोरडे पडले की दोष स्क्रीनला. पण आईचेही डोळे वाळू गेल्यासारखे खुपायचे, आणि ती तर मोबाइलसुद्धा फारसा बघत नाही. डोळ्यांचे डॉक्टर थेंब द्यायचे, हाडांचे डॉक्टर बोटं दुखतात म्हणून गोळ्या. आमच्या ऑफिसच्या भाषेत, दोन वेगळी तिकिटं. बग एकच असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

स्वीडनमधल्या एका नेत्रतज्ज्ञाच्या डोक्यात मात्र ते नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी आलं होतं. त्याचं नाव हेन्रिक शोग्रेन. डोळे कोरडे म्हणून आलेल्या बायकांना तो तोंडाबद्दल आणि सांध्यांबद्दलही विचारायचा. १९३३ मध्ये त्याने स्टॉकहोममध्ये प्रबंध सादर केला. त्यात १९ स्त्रिया होत्या, आणि त्यातल्या १३ जणींना संधिवात. अश्रुग्रंथीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर आत पांढऱ्या पेशींची गर्दी!

कौतुक झालं असेल ना? छे! प्रबंधाला मार्क इतके कमी मिळाले की विद्यापीठात शिकवण्यासाठी लागणारी ‘डोसेंट’ ही पदवी हुकली. तो योनशोपिंग नावाच्या छोट्या शहरात गेला आणि तिथे रुग्ण तपासत राहिला. प्रबंध होता जर्मनमध्ये. १९४३ मध्ये ब्रूस हॅमिल्टन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने तो इंग्रजीत आणला, तेव्हा कुठे तो जगभर वाचला गेला. डोसेंट पद मिळालं थेट १९५७ मध्ये.

आज आपल्याला माहीत आहे की शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर हल्ला करतात. यालाच ऑटोइम्यून आजार म्हणतात. शोग्रेनचा आजार होणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच असतात. संधिवात आणि ल्युपसमध्येही डोळे असेच कोरडे पडू शकतात.

हे सगळं वाचल्यावर मी आईला विचारलं, “तोंड कोरडं पडतं का गं?” ती म्हणाली, “अरे, पाण्याशिवाय भाकरी उतरतच नाही. वय झालं आता.” मग आम्ही संधिवाततज्ज्ञांकडे गेलो. रक्त तपासलं. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते तेही पाहिलं. ही शिर्मरची चाचणी, १९०३ सालची! निदान शोग्रेनच निघालं. आता उपचार सुरू आहेत.

घाबरू नका. आपल्यापैकी बहुतेकांचा दोष खरंच स्क्रीनचा असतो. पण डोळ्यांसोबत तोंड कोरडं असेल, सांधे दुखत असतील, तर एकाच डॉक्टरला सगळं सांगा. आणि आज घरी आईला एवढं विचाराच. भेटू पुढच्या भागात!