शृंगस्तर

बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे वहीच्या कागदापेक्षाही बरीच कमी असते. तळहात आणि तळपायांवर मात्र तो कितीतरी पटींनी जाड असतो. शरीरातले पाणी उडून जाऊ न देणे आणि बाहेरचे जंतू व रसायने आत शिरू न देणे, ही दोन्ही कामे मुख्यतः तोच करतो. त्याची ही योग्यता उशिरा कळली. सूक्ष्मदर्शकासाठी त्वचेचा काप तयार करताना वापरलेल्या द्रावकांत त्यातले स्निग्ध पदार्थ विरघळून जात. मागे विसविशीत जाळी उरे आणि हा थर निरुपयोगी कोंडा वाटे.

बाह्यत्वचेच्या तळाशी केराटिनपेशी सतत विभागत असतात. तिथून वर सरकताना त्या चपट्या होत जातात, केराटिनाने भरतात, केंद्रक गमावतात आणि सुमारे दोन आठवड्यांत शृंगस्तरात पोचतात. आणखी साधारण दोन आठवड्यांनी त्या सुट्या होऊन गळतात. वार्धक्यात हे चक्र मंदावते. मरण्यापूर्वी पेशी आपल्याभोवती स्निग्ध पदार्थ सोडतात. मृत पेशी या विटा आणि स्निग्ध पदार्थ हा त्यांच्यामधला चुना, हे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ पीटर इलायस यांच्या संशोधनातून रूढ झालेले चित्र आजही ग्राह्य आहे. या स्निग्धांशाचा वजनाने सुमारे निम्मा भाग सिरॅमाइडे, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः मुक्त मेदाम्ले असतात.

पेशींच्या आत पाणी धरून ठेवण्याचे काम वेगळ्या द्रव्यांकडे असते. फिलॅग्रिन या प्रथिनाचे विघटन होऊन ॲमिनो आम्ले व इतर पाणी शोषणारी संयुगे तयार होतात. डंडी विद्यापीठातील अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवून दिले की, फिलॅग्रिनच्या जनुकातील दोष हे ॲटोपिक इसबाचे एक प्रबळ कारण आहे. यामुळे त्या विकाराकडे पाहण्याची दिशाच बदलली: केवळ प्रतिकारशक्तीचा बिघाड म्हणून नव्हे, तर आधी गळक्या त्वचेचा आजार म्हणून.

कोरडेपणा म्हणजे तेलाची उणीव, हा समज सार्वत्रिक आहे. अर्विन ब्लँक यांनी १९५२ मध्ये वाळलेल्या घट्ट्याचे तुकडे तपासले. ते तेलात ठेवूनही ताठच राहिले, पाणी मिळताच लवचीक झाले. त्वचेला मऊपणा देते ते पाणी; तेल किंवा मलम ते पाणी टिकवण्यास मदत करते. टाचांच्या भेगांवर कोरड्या पायाला मलम चोळण्यापेक्षा पाय भिजवून, टिपून लगेच लावल्याने जास्त गुण येतो, तो याचमुळे.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी, साधारण ४.५ ते ५.५ पीएचचा असतो. सिरॅमाइडे तयार करणारी विकरे याच आम्लतेत नीट चालतात. नेहमीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. शिवाय तो मळाबरोबर स्निग्धांशही धुऊन नेतो. कोरड्या किंवा इसबाच्या त्वचेला सौम्य, साबणविरहित प्रक्षालक सुचवतात ते म्हणूनच.

त्वचेवर लावण्याच्या बहुतेक द्रव्यांचे कार्यक्षेत्र हाच थर असतो. ग्लिसरीन आणि युरिया पाणी ओढून धरतात. युरियाचे प्रमाण वाढवले की तो जाड त्वचा सैलही करतो. पेट्रोलियम जेली बाष्पीभवन अडवण्यात सर्वांत प्रभावी ठरली आहे, आणि ती नुसती वर बसून राहत नाही. थरातील फटींत शिरते आणि दुरुस्ती चालू राहू देते. इतके स्वस्त आणि इतके गुणकारी द्रव्य दुर्लक्षित राहावे, हे खेदाचे आहे. नियासिनामाइड सिरॅमाइडांची निर्मिती वाढवते.

सर्व तेले सारखी नसतात. उंदरांवरील प्रयोगांत सूर्यफुलाच्या तेलाने थराची दुरुस्ती वेगाने झाली, मोहरीच्या आणि ऑलिव्हच्या तेलाने ती लांबली. ढाका शिशु रुग्णालयात मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाचे मालिश केल्यावर रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी आढळले (२००५). ज्या समाजांत तान्ह्या बाळाचे मालिश हा रोजचा परिपाठ आहे, त्यांच्यासाठी तेलाची निवड किती महत्त्वाची आहे हे यावरून दिसते.

हा थर ओलांडून आत जाणे मात्र कठीण. साधारणपणे ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू अखंड त्वचेतून जात नाहीत. कोलॅजेनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा. मलमातील कोलॅजेन त्वचेतील कोलॅजेनमध्ये भर घालते, हा दावा म्हणूनच टिकत नाही. रेटिनॉलचा रेणू मात्र लहान असतो. तो जिवंत पेशींत पोचून रेटिनॉइक आम्लात रूपांतरित होतो, जनुकांचे कार्य बदलतो आणि अंतस्त्वचेत कोलॅजेनची निर्मिती वाढवतो. सुरुवातीच्या आठवड्यांत शृंगस्तर पातळ होऊन साले निघतात, आग होते. म्हणून प्रारंभ कमी प्रमाणात आणि एक दिवसाआड करतात. गर्भारपणात रेटिनॉल व त्याच्या वर्गातील इतर द्रव्ये (रेटिनॉइडे) टाळतात.

सनस्क्रीनचे काम याच्या उलट, पृष्ठभागावर राहूनच होते. त्याचा एसपीएफ, म्हणजे संरक्षणाचा आकडा, त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप देऊन मोजतात. प्रत्यक्षात बहुतेक जण याहून बराच पातळ थर लावतात. त्यामुळे मिळणारे संरक्षण बाटलीवरील आकड्यापेक्षा पुष्कळ कमी असते.