आत्मरती व्यक्तिमत्त्व विकार

आत्मरती व्यक्तिमत्त्व विकार : व्यक्तिमत्त्व विकारांचा एक प्रकार. ‘नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ किंवा ‘एनपीडी’ या नावानेही परिचित. स्वतःच्या मोठेपणाची अवास्तव कल्पना, कौतुकाची न भागणारी भूक आणि दुसऱ्याच्या भावनांविषयी अनास्था ही त्याची मुख्य अंगे होत.

इतिहास : पाण्यातल्या आपल्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या नार्सिसस या ग्रीक कथेतील तरुणावरून मूळ नाव आले. सिग्मंड फ्रॉइड यांचा आत्मरतीवरील निबंध १९१४ चा. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेत हा विकार १९८० मध्ये समाविष्ट झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या वर्गीकरणात (२०२२ पासून लागू) तो स्वतंत्र प्रकार म्हणून येत नाही; तेथे व्यक्तिमत्त्व विकाराची तीव्रता ठरवून ठळक स्वभावविशेष नोंदवतात.

लक्षणे : ‘डीएसएम-५’ मध्ये नऊ निकष आहेत : स्वतःला फार मोठे समजणे, अमर्याद यश, सत्ता वा सौंदर्याच्या कल्पनांत रमणे, आपण असामान्य आहोत व असामान्यांनाच कळतो असे मानणे, वाहवा हवी असणे, खास वागणूक हा हक्क समजणे, इतरांचा स्वार्थासाठी वापर, सहानुभूतीचा अभाव, हेवा, उद्धटपणा. तरुणपणापासून टिकून राहिलेल्या आणि अनेक प्रसंगांत दिसणाऱ्या वर्तनात यांपैकी किमान पाच आढळावे लागतात. दिमाखाआड स्वाभिमान बहुधा ठिसूळ असतो. साधी टीकाही जिव्हारी लागते आणि संताप किंवा अबोला सुरू होतो. काहींमध्ये बडेजाव दिसत नाही; लाजाळूपणा व सतत दुखावले जाणे दिसते.

भेद : बढाईखोर, हेकट किंवा मानपानाला हपापलेला प्रत्येक माणूस विकारग्रस्त नसतो. स्वभाव ताठर होऊन नाती व काम यांची हानी होऊ लागली, तरच विकाराचा विचार होतो. उन्मादाच्या झटक्यातही मोठेपणाच्या कल्पना येतात. पण त्या झटक्यापुरत्याच असतात. म्हणून नातलगांनी किंवा शेजाऱ्यांनी लावलेले लेबल निदान ठरत नाही.

कारणे व उपचार : एकच कारण सिद्ध झालेले नाही; आनुवंशिकता, उपजत स्वभाव व बालपणीचे अनुभव यांचा एकत्र विचार होतो. या विकारावर खास औषध नाही. दीर्घकाळची मानसोपचार-संभाषणे हाच मुख्य उपचार. सोबतच्या नैराश्यावर किंवा व्यसनावर वेगळे उपचार करतात. आपल्यात दोष आहे हेच पटत नसल्याने रुग्ण बहुधा नैराश्य आल्यावर किंवा संसार मोडकळीस आल्यावरच डॉक्टरांकडे येतो. गावातील कुटुंबांना जवळच्या शासकीय रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे जाता येते. ‘टेली-मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावरही सल्ला मिळतो. रुग्ण तयार नसला तरी जाच सोसणाऱ्या जोडीदाराने किंवा मुलांनी स्वतःसाठी समुपदेशन घ्यावे.