तळटीप : खोडकिड्याच्या पतंगाचा नमुना
मुळातील ‘चिलो पार्टेलस (स्विन्हो, १८८५)’ हा उल्लेख सोलापूर भागातील ज्वारीला पोखरणाऱ्या खोडकिड्याच्या पतंगाचा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या १८८३ मधील संस्थापकांपैकी एक असलेल्या चार्ल्स स्विन्हो यांनी ही जाती प्रथम क्रँबस या प्रजातीत, म्हणजे निकटच्या जातींच्या गटात, घातली होती आणि पुढे ती चिलोत हलवली गेली, एवढेच तो कंस सुचवतो. तो छपाईचा प्रमाद समजून गाळू नये. अशा पतंगाचा नमुना तयार करताना रात्री पांढऱ्या पडद्यापुढे दिवा लावून धरलेल्या पतंगाच्या वक्षातून बारीक टाचणी घालतात, पंख फळीवर पसरून वाळवतात आणि त्याच टाचणीत स्थळ, तारीख व संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी ओवतात. चिठ्ठी हरवली, किंवा तिच्यावर नुसते ‘दख्खन’ लिहिलेले असले, तर पतंग मोहोळच्या शेतातला की पुण्याच्या बागेतला हे ठरत नाही आणि उत्तम जपलेला नमुनाही अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी होतो. चिलोच्या जाती पंखांवरून सहसा ओळखू येत नसल्याने जननांगे वेगळी काढून, काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्या काचपट्टीचा क्रमांकही नमुन्याच्या चिठ्ठीवर नोंदवावा लागतो.