अडगळीतल्या सायकली आणि शेजारधर्म

आपल्या वर्गात तीन प्रकारची मुले होती. पायी येणारी, सायकलने येणारी आणि एसटीने येणारी. हजेरीपटावर हे कुठे लिहिलेले नसे, पण दहावीपर्यंत कोण टिकणार हे त्यावर बरेचसे ठरत असे. गावातली शाळा सातवीपर्यंत आणि पुढची शाळा चार-पाच कोसांवर, अशी स्थिती असलेल्या खेड्यांतून येणाऱ्या मैत्रिणी आठवा. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की एसटी फिरकायची नाही आणि त्यांची गैरहजेरी लागायची. काही जणी आठवीनंतर दिसल्याच नाहीत. त्या अभ्यासात कमी नव्हत्या. शाळा लांब होती, एवढेच.

म्हणून या स्मरणिकेसाठी मी एका साध्या वस्तूचा इतिहास लिहायचे ठरवले. ते अंतर सर्वांत स्वस्तात कापणारी वस्तू म्हणजे सायकल.

आज आपण ओळखतो तशी सायकल, म्हणजे दोन्ही चाके सारखी आणि मागच्या चाकाला चेन, इंग्लंडमध्ये १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांच्या 'रोव्हर'ने रूढ केली. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि हाडे खिळखिळी करणारे हे वाहन बसण्यालायक झाले. मराठी माणसाने लक्षात ठेवावे असे दुसरे काहीही त्याच वर्षी घडले. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासूनच मोजतो, आणि ती सुरुवात होती बेळगावातल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सायकलींच्या दुकानाची. लोखंडी नांगर, पंप आणि इंजिने त्यानंतर आली. महाराष्ट्रातल्या एका मोठ्या यंत्रउद्योगाच्या मुळाशी सायकल आहे, हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितले नाही. नंतर वाचनातून कळले.

तेव्हाची सायकल विलायतेहून यायची आणि साहेबाला, वकिलाला, फार तर डॉक्टरला परवडायची. १९३९ मध्ये मुंबईत हिंद सायकल्स निघाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाला हिरो हे कारखाने उभे राहिले. मग काळी, दांडीची, अठ्ठावीस इंची सायकल खेड्यापाड्यांत पोचली. पोस्टमन, दूधवाला, मास्तर, ग्रामसेवक सगळे तिच्यावर. लग्नात सायकल, घड्याळ आणि रेडिओ मागण्याची चाल पडली, यावरून तिची किंमत कळते. नगरपालिका सायकलवर कर घेत आणि पावती म्हणून बिल्ला देत. घरातल्या जुन्या डब्यात असा एखादा बिल्ला अजूनही सापडेल.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. इथली जमीन सायकलची परीक्षा घेणारी आहे. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतकी घट्ट बसते की चाक फिरतच नाही. काडीने माती उकरत, सायकल खांद्यावर घेत पांदण ओलांडावी लागते. उन्हाळ्यात बाभळीचे काटे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की टच्च हवा भरलेली सायकल उन्हात ठेवायची सोय नाही, ट्यूब फुटते. त्यामुळे आपल्या भागात सायकल विकणाऱ्यापेक्षा ती दुरुस्त करणाऱ्याचे महत्त्व नेहमीच जास्त राहिले. निंबाच्या झाडाखाली एक लाकडी पेटी, पाण्याचे घमेले, पंप आणि लटकवलेले जुने टायर एवढ्यावर त्याचे दुकान चाले. घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधणे, घासून सोल्युशन लावणे, छर्रे रॉकेलने धुऊन ग्रीसमध्ये बसवणे, तारा कसून चाकाचा आउट काढणे, ही कामे आपण सगळ्यांनी उभे राहून पाहिली आहेत. ओव्हरहॉलिंगला तिथे 'ओव्हरऑइल' म्हणत. शब्द चुकीचा असेल, पण काम पक्के असे.

ही दुरुस्ती शक्य होती त्यामागे एक तांत्रिक कारण आहे. काळ्या सायकलीचे माप ठरलेले होते. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्या चाकाला ४०. छर्रे, कोटर पिन, चेन, ब्रेकचे रबर हे सारे एका कंपनीचे दुसरीला चाले. आम्ही संगणकवाले ज्याला 'स्टँडर्ड' म्हणतो आणि ज्यासाठी मोठमोठ्या बैठका घेतो, ते या मिस्त्रीच्या पेटीत आधीपासून होते. वस्तू कुठेही दुरुस्त होते म्हणून ती फेकली जात नाही, आणि फेकली जात नाही म्हणून ती पुढच्या माणसाकडे जाते. थोरल्याची सायकल धाकट्याला, त्याच्याकडून मावसभावाला, तिथून शेतावरच्या गड्याला. शेजारच्या काकूंचा मुलगा परीक्षेला निघाला की सायकल मागून नेई. याला कुणी दान म्हणत नसे. तो शेजारधर्म होता.

शाळेचे अंतर हा प्रश्न मात्र एकट्या शेजारधर्माने सुटणारा नव्हता. विदर्भात तो आधी वसतिगृहांनी सोडवायचा प्रयत्न झाला. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. शाळा गावात येत नसेल तर मुलालाच शाळेजवळ आणून ठेवायचे, असा तो विचार. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि पुढे ती खेड्यांत पोचली. मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून मोफत पास मिळू लागला. पण पास मोफत असला तरी गाडी तिच्याच वेळेला येते, आणि मुख्य रस्ता सोडून आत असलेल्या गावापर्यंत ती येतेच असे नाही.

मुलगी आणि सायकल यांची गाठ देशात मोठ्या प्रमाणावर पडली ती तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरता मोहीम चालू होती आणि तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकथ यांनी सायकल शिकवणे हा त्या मोहिमेचाच भाग केला. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी दांडीच्या सायकली घेतल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आणि ते देशभर वाचले गेले. पुढे २००६ मध्ये बिहार सरकारने नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. त्या वयाच्या मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुला-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. शाळा जितकी लांब, तितका फायदा ठळक. आपल्या वर्गातून गेलेल्या मैत्रिणींचे उत्तर या आकड्यांत आहे.

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाले. त्याच कार्यक्रमातल्या निळ्या बस आपण रस्त्यावर पाहतो. योजना चांगली आहे. पण सरकारी योजनेला यादी लागते. तालुक्याचे नाव यादीत हवे, इयत्ता ठरलेली हवी, आणि ती मुलगीच हवी. यादीबाहेरच्या तालुक्यातली मुलगी, दहावीनंतर आयटीआयला जाणारा मुलगा, डाबकी रोडवरून गोरक्षण रोडवर धुणीभांडी करायला पायी जाणारी बाई, पहाटे पेपर टाकणारे पोर, हे त्या चौकटीत बसत नाहीत. ते आपले शेजारी आहेत, आणि शेजाऱ्याला मदत करायला यादी लागत नाही.

दुसऱ्या बाजूला सायकली पडून आहेत. मी पुण्यात ज्या सोसायटीत राहते तिथल्या पार्किंगमध्ये एका रविवारी मोजल्या. सतरा निघाल्या, हवा फक्त चारांत होती. अकोल्यात जठारपेठ, रामदासपेठ, कौलखेड भागातल्या नव्या इमारतींच्या जिन्यांखाली याहून वेगळे चित्र नसेल. मुलगा बारावी झाला, बाहेरगावी गेला, सायकल तिथेच.

वस्तू आहे, गरजही आहे, पण दोघांची गाठ नाही. असे झाले की काय होते ते २०२० ने दाखवले. टाळेबंदीत एका पंधरा वर्षांच्या मुलीने जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्यापर्यंत सुमारे १२०० किलोमीटर सायकल चालवली. ती सायकल जुनी, विकत घेतलेली होती. त्याच काळात उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरला सायकलींवर निघालेल्या हजारो मजुरांना थांबवून बसने घरी पाठवले गेले. सायकली तिथेच राहिल्या. पुष्कळांनी परत येऊन नेल्या, पण दोन वर्षांनी सुमारे ५,४०० सायकली उरल्या आणि प्रशासनाने त्या साधारण २१ लाख रुपयांना लिलावात काढल्या. हिशेब केला तर एका सायकलीमागे चारशे रुपयेही नाहीत. ज्यांच्या त्या होत्या त्यांना इतक्या लांब येणे परवडले नाही. आणि ३ जून २०२०, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनाला, अॅटलसने साहिबाबादचा कारखाना बंद केला.

जुन्या सायकली नीट करून देण्याचे काम जगात अनेक ठिकाणी चालते. ब्रिटनमधल्या 'री-सायकल' या संस्थेने १९९८ पासून तिथल्या जुन्या सायकली आफ्रिकेत पाठवल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर 'वर्ल्ड बायसिकल रिलीफ'ने श्रीलंकेत २४ हजारांहून अधिक सायकली वाटल्या आणि पुढे आफ्रिकेत काम सुरू केले. ठाण्याच्या 'आम्ही सायकल प्रेमी' संस्थेने 'एक सायकल मोलाची' या उपक्रमातून घरोघरच्या पडून असलेल्या सायकली दुरुस्त करून आदिवासी भागातल्या विद्यार्थ्यांना दिल्या. या सगळ्यांतून मला एकच धडा दिसतो. नुसती सायकल देऊन भागत नाही. आफ्रिकेत काम करणाऱ्यांना हे कळले म्हणून त्यांनी सायकलीबरोबर गावातले मिस्त्रीही तयार केले आणि सुटे भाग मिळतील अशी व्यवस्था केली. नाही तर पहिल्या मोठ्या बिघाडाला दान भिंतीला टेकते.

आता आपल्या बॅचसाठी माझा प्रस्ताव. शाळेला भेट म्हणून नव्या सायकली घ्याव्यात, असे काही जणांचे मत आहे आणि त्यामागची भावना चांगलीच आहे. पण तेवढ्याच पैशात जुन्या सायकली नीट केल्या तर संख्या बरीच वाढेल, आणि पैसा आपल्याच गावातल्या मिस्त्रींच्या हातात जाईल. त्यांचे काम कमी होत चालले आहे. हाताखाली शिकायला पोरे येत नाहीत. वर्षाला पन्नास सायकलींचे खात्रीचे काम मिळाले तर एखादा मिस्त्री एखाद्या पोराला शिकवेलही.

काही पथ्ये मात्र पाळू. फ्रेम तडकलेली किंवा वाकलेली असेल तर ती सायकल द्यायची नाही, तिचे सुटे भाग काढून वापरायचे. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर आणि केबल या वस्तू नव्याच घालायच्या, कारण उतारावर मुलाचा जीव त्यांच्यावर असतो. अनेक गिअरच्या महागड्या सायकली खेड्यात पाठवायच्या नाहीत. गिअर बिघडला तर तेल्हाऱ्याच्या आतल्या गावात त्याचा भाग मिळणार नाही. साध्या, एका चेनचक्राच्या सायकली निवडायच्या. सीट घेणाऱ्याच्या उंचीला लावून द्यायची. शहरात राहणाऱ्यांनी आपापल्या सोसायटीतल्या सायकली गोळा कराव्यात, पण लांबून पाठवण्याचा खर्च दुरुस्तीपेक्षा जास्त होत असेल तर त्या तिथल्याच गरजूला द्याव्यात आणि अकोल्यासाठी पैसे पाठवावेत.

सायकल कुणाला द्यायची, हे आपल्या गुरुजनांनी आणि आजच्या शिक्षकांनी ठरवावे. कोण किती लांबून येते आणि कोण येणे बंद होण्याच्या बेतात आहे, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही. वाटपाला मंडप नको, फोटो नको. मुलाने वर्गासमोर उभे राहून दान घ्यावे, असे आपल्यापैकी कुणालाच आवडले नसते. शाळेच्या नावाने एक वही ठेवू. सायकल घेणारा सही करेल, शिक्षण संपले की ती परत आणून देईल आणि ती पुन्हा नीट होऊन पुढच्याला जाईल. मग ते दान राहणार नाही. थोरल्याची सायकल धाकट्याला जाते, तशी ती जाईल.

वहीची आणि हिशेबाची जबाबदारी मी घेते. आठवड्याचे दोन तास मी यासाठी देऊ शकते. दुरुस्तीसाठी दोन मिस्त्री आपल्यातल्या अकोल्यात राहणाऱ्यांनी पाहावेत. आणि प्रत्येक सायकलीबरोबर एक पंप, पंक्चरचे ठिगळ आणि सोल्युशनची नळी द्यायला विसरू नये. बाभळीचे काटे अजून आहेतच.