सदुसष्टाव्या खळग्यातलं प्रतिपिंड

स्तनाच्या कर्करोगाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात पडला की घरचे लोक ईआर, पीआर, हर-टू या ओळी कशाबशा समजून घेतात आणि केआय-६७ पाशी येऊन अडतात. पुढे टक्केवारी असते, १२ किंवा ४०. गाठीतल्या शंभर कर्कपेशींपैकी किती पेशी विभाजनाच्या वाटेवर आहेत, ते हा आकडा सांगतो. मी हिस्टोपॅथॉलॉजीची तंत्रज्ञ. मुंबईतल्या एका रुग्णालयात निवृत्त होईपर्यंत या आकड्यासाठी स्लाइड रंगवल्या. मोजणी डॉक्टरांची आणि सहीही त्यांचीच. पण हा आकडा कुणाकुणाच्या हातांतून आपल्यापर्यंत आला, हे सांगावंसं मला फार दिवस वाटतंय. त्याचा इतिहास उलट्या क्रमाने घडला आहे. आधी प्रतिपिंड (अँटिबॉडी) सापडलं. ते ज्याला चिकटतं त्या प्रथिनाची रचना दहा वर्षांनी कळली, आणि विभाजनाच्या वेळी ते प्रथिन काय करतं हे कळायला त्यानंतरही वीसेक वर्षं लागली.

उत्तर जर्मनीत बाल्टिक समुद्राकाठी कील हे बंदराचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठाचा पॅथॉलॉजी विभाग कार्ल लेनर्ट यांच्या कामामुळे लसिकाग्रंथींच्या कर्करोगांसाठी जगभर ओळखला जायचा. १९८० च्या आसपास तिथे हाराल्ड श्टाइन, योहानेस गेर्डेस आणि त्यांचे सहकारी हॉजकिनच्या आजारामागे लागले होते. या आजारात गाठीतल्या खऱ्या कर्कपेशी मोजक्याच असतात, भोवतीची सगळी गर्दी साध्या पेशींची. त्या मोजक्या पेशी नेमक्या टिपणारं प्रतिपिंड त्यांना हवं होतं.

ते बनवायची रीत तेव्हा नवीच होती. १९७५ मध्ये केंब्रिजला सेझार मिलस्टाइन आणि जॉर्ज क्योलर यांनी प्रतिपिंड बनवणारी उंदराच्या प्लीहेतली पेशी आणि न मरता वाढत राहणारी उंदराचीच कर्कपेशी यांचा संकर केला. प्लीहेतली पेशी काचेच्या भांड्यात फार दिवस जगत नाही. संकर न झालेल्या कर्कपेशींना खास माध्यमात मारता येतं. मागे उरते ती फक्त संकरित पेशी. ती वाढत राहते आणि एकाच प्रकारचं प्रतिपिंड देत राहते. या पद्धतीचं पेटंट निघालं नाही, म्हणून ती जगभरच्या प्रयोगशाळांना मोकळेपणी वापरता आली. दोघांना १९८४ चं नोबेल मिळालं. माझ्या मते, पेटंट निघालं नाही याचे उपकार त्या नोबेलपेक्षा मोठे आहेत.

कीलच्या मंडळींनी उंदरांना टोचले ते एल४२८ नावाच्या पेशींचे केंद्रक. हॉजकिन झालेल्या एका स्त्रीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून वाढवलेल्या या पेशी. त्या बाईंचं नाव इतिहासात नाही. पुढचं काम चिकाटीचं. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत संकरित पेशी वाटून द्यायच्या, वाढू द्यायच्या, मग एकेका खळग्यातला द्रव घेऊन ऊतींच्या गोठवलेल्या कापांवर टाकून बघायचं की कुठे चिकटतो. हॉजकिनसाठी उपयोगी पडलेलं केआय-१ याच खटाटोपातलं. ते ज्याला चिकटतं त्याला पुढे सीडी३० म्हणू लागले, आणि आज त्याच्यावर नेम धरणारं औषधही आहे. सदुसष्टाव्या खळग्यातलं मात्र हॉजकिनचं खास निघालं नाही. कीलचा केआय आणि खळग्याचा क्रमांक, एवढंच त्याचं नाव.

ते चिकटायचं केंद्रकाला, पण सगळ्या नाही. लसिकाग्रंथीतल्या बीजकेंद्रात भरपूर, आतड्याच्या अस्तरात जिथे नव्या पेशी तयार होतात तिथे, वृषणातल्या अपरिपक्व पेशींत. यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांच्या पेशी कोऱ्या. रक्तातल्या शांत लिम्फोसाइटही कोऱ्या, पण त्यांना विभाजनासाठी चेतवलं की त्याही रंगायच्या. १९८३ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि पुढच्याच वर्षी दाखवून दिलं गेलं की विभाजनाच्या फेऱ्यातल्या प्रत्येक टप्प्यावर हे चिन्ह असतं, पेशी विसाव्याला गेली की नसतं. शोधलं एक आणि सापडलं दुसरं, तेव्हा ते दुसरं बाजूला न ठेवता त्याचा पिच्छा पुरवणाऱ्या या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

अडचण एकच होती, आणि ती आमच्यासारख्यांची. हे प्रतिपिंड गोठवलेल्या ताज्या ऊतीवरच चालायचं. आमच्याकडे यायचे ते पॅराफिनचे ब्लॉक, कुठून कुठून, आतली ऊती फॉर्मॅलिनमध्ये मुरलेली. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं, मग प्रतिपिंडाला चिकटायला जागाच सापडत नाही. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात शी, की आणि कालरा यांनी सेक्शन, म्हणजे ब्लॉकचा पातळ काप, मायक्रोवेव्हमध्ये तापवला की ही बांधणी सैल होते असं दाखवलं. गेर्डेस तोवर बोर्स्टेलच्या संशोधन संस्थेत होते. केआय-६७ च्या जनुकाचा एक तुकडा हाती आला होता, त्यावरून बनवलेल्या प्रथिनावर त्यांनी नवी प्रतिपिंडं तयार केली. त्यातलं एमआयबी-१ हे तापवलेल्या पॅराफिन सेक्शनवर उत्तम चालतं, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हापासून जगभरचे जुने ब्लॉकही तपासता येऊ लागले.

आम्ही तापवायचो प्रेशर कुकरमध्ये. पीएच ६ चा सायट्रेट बफर आधी उकळायचा, मग स्लाइडचा रॅक अलगद सोडायचा, झाकण लावायचं आणि प्रेशर आल्यापासून मिनिटं मोजायची. सेक्शन तीन-चार मायक्रॉनचं. साध्या काचेवर घेतलं तर उकळत्या बफरमध्ये सुटून तरंगू लागतं, म्हणून पॉलिलायसिन लावलेल्या स्लाइड. कुकर उतरवल्यावर घाई करायची नाही, थंड होऊ द्यायचं. स्लाइड मध्येच सुकली तर कडेला खोटा तपकिरी रंग धरतो. मग प्रतिपिंड, त्यावर एन्झाइम जोडलेलं दुसरं, शेवटी तपकिरी रंग देणारं डीएबी, आणि उरलेल्या केंद्रकांना हेमॅटॉक्सिलिनचा निळा रंग. रुग्णाच्या स्लाइडआधी टॉन्सिलचा कंट्रोल बघायचा. बीजकेंद्राची एक बाजू गच्च तपकिरी, दुसरी विरळ, भोवतीचं कडं बहुतेक निळं. असं दिसलं नाही तर ती अख्खी बॅच पुन्हा लावायची, मग संध्याकाळची लोकल चुकली तरी चालेल.

जनुकाची पूर्ण मांडणी १९९३ मध्ये आली. प्रथिन अवाढव्य निघालं. मधल्या भागात साधारण सारखाच तुकडा सोळा वेळा. एमआयबी-१ चिकटतं ते याच भागात. पण काम? ते २०१६ मध्ये व्हिएन्नातल्या डॅनियल गेर्लिश यांच्या गटाने उलगडलं. विभाजनाच्या वेळी हे प्रथिन गुणसूत्रांच्या पृष्ठभागावर उभं राहतं आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, साबण तेलाचे थेंब सुटे ठेवतो तसं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मोंपेलिएच्या गटाने दाखवलं की केआय-६७ बिघडवलेले उंदीरही वाढतात, त्यांच्या पेशी विभागतात. म्हणजे पेशी त्याच्यावाचून विभागू शकते. तरी निरोगी पेशी विभाजनाला लागली की ते बनवते आणि विसाव्याला गेली की मोडून टाकते, त्यामुळे खूण म्हणून ते खरंच राहतं.

काळजी वाटते ती मोजणीची. २०१३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात आठ प्रयोगशाळांनी त्याच १०० स्तनगाठी मोजल्या. एकाच ठिकाणी रंगवलेल्या स्लाइड असूनही एका प्रयोगशाळेची सरासरी ७.१ टक्के आली, दुसरीची २३.९. कुठला भाग निवडायचा, फिकट तपकिरी धरायचं की सोडायचं, सगळा फरक त्यात. तरीही २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अबेमासिक्लिब हे औषध सुरुवातीच्या स्तनकर्करोगात देण्यासाठी केआय-६७ किमान २० टक्के असण्याची अट घातली, आणि २०२३ मध्ये ती काढून टाकली. ती काढली याचं मला समाधान आहे. १९ आणि २१ यांमधलं अंतर कधीकधी गाठ फॉर्मॅलिनमध्ये किती वेळाने पडली, एवढंच असतं.

बाहेरगावच्या एका रुग्णालयातून एकदा असा ब्लॉक आला की कडेला सुंदर तपकिरी आणि मधोमध कोरा. गाठ न कापता अख्खी बुडवली होती, फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचलंच नव्हतं. मोजण्याजोगी जागा कडेचीच, आणि बाईंची दुसरी बायोप्सी शक्य नव्हती. रिपोर्टात तसं लिहावं लागलं. म्हणून शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टर आणि डॉक्टरांना माझं अजूनही सांगणं आहे: गाठ काढली की तिला काप द्या, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये ठेवा, आणि फॉर्मवर काढल्याची वेळ व बुडवल्याची वेळ, दोन्ही लिहा. त्या दोन रकान्यांना बरेच फॉर्म अजून जागाच देत नाहीत.